गाडीचे तीन दिवे

मला लातूरला पाठवायचं ठरलं तेव्हा नांदेडच्या आमच्या गल्लीत दोन मतं पडली. भूकंपाच्या गावाला पोरगी कशाला पाठवता, हे एक. डॉक्टर करायची असेल तर पाठवायलाच पाहिजे, कारण पेपरात फोटो येणारी सगळी मुलं तिथल्याच शिकवण्यांतून निघतात, हे दुसरं. वडील शाळेत मराठी शिकवायचे. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "भूकंप होऊन गेलाय. बारावी व्हायचीय." आईनं ट्रंक भरली आणि सोबत अर्धापूरच्या केळ्यांचा एक घड दिला, जणू लातूरला केळी पाहिलेलीच नाहीत. उकाडा असा होता की घड अहमदपूरच्या स्टँडवर पिकला आणि चाकूर यायच्या आत वडिलांनी तो एसटीतल्या लोकांत वाटून टाकला. आत्याच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा वडिलांच्या हातात नुसता दांडा होता. आत्यानं तो घेतला, बघितला आणि म्हशीपुढं टाकला.

गोदाआत्या वडिलांची थोरली बहीण. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो, दत्तूमामा. गावाच्या कडेला त्यांचं स्लॅबचं पक्कं घर होतं आणि घरामागं वेल्डिंगचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. आधी तिथं दारं, खिडक्यांचे गज, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व्हायच्या. भूकंपानंतर पाण्याच्या टाक्या व्हायला लागल्या, कारण पडलेली गावं नव्या जागी वसत होती आणि नव्या जागी घरांच्या आधी पाणी लागतं. घराला भूकंपात एक तडासुद्धा गेला नव्हता. तरी घरात कुणी झोपत नव्हतं. मामांनी अंगणात पत्र्याची खोली उभी केली होती आणि आत्याचा नियम असा होता, की जागं माणूस स्लॅबखाली चालेल, झोपलेलं पत्र्याखालीच पाहिजे. मी दिवसा स्लॅबखाली अभ्यास करायची. दुपारी पुस्तकावर डोळा लागला तर आत्या खांद्याला धरून उठवायची आणि अंगणात नेऊन झोपवायची. अभ्यास करताना झोपू नकोस असं ती कधी म्हणाली नाही. जागा तेवढी बदलायची.

पत्र्याच्या खोलीत कोनाड्यासारख्या फळीवर एक पितळी तांब्या आणि त्यावर एक पालथं फुलपात्र ठेवलेलं असायचं. जमीन हलली की ते वाजेल आणि पळायला वेळ मिळेल, असा हिशेब. त्या दिवसांत लातुरात घरोघरी असं काही ना काही रचलेलं होतं. आमची अडचण अशी, की मागं दिवसभर घण चालायचा आणि फुलपात्र दिवसभर वाजायचं. आत्याला त्यातला फरक कळायचा. भाकरी थापता थापता ती एखाद्या वेळी हात थांबवायची, ऐकायची आणि म्हणायची, "हे मागलंच हाय." मग पुन्हा थापायला लागायची. तिच्या हातची येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी हे दुपारचं जेवण, सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला, आणि शनिवारी धपाटे. कारखान्यातले लोक आणि घरचे लोक एकाच पंगतीला बसायचे. पंगतीच्या अगदी टोकाला, भिंतीकडे तोंड करून, माणिकअण्णा बसायचे.

माणिकअण्णा मामांचे सगळ्यात जुने वेल्डर. औशाच्या पलीकडचं त्यांचं गाव भूकंपात गेलं. ते स्वतः त्या दिवशी कामासाठी लातुरात मुक्कामाला होते. बायको गावात होती. यापलीकडे मला कुणी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या हातचा सांधा असा यायचा, की मामा गिऱ्हाईकाला बोट फिरवून बघायला लावायचे. रंग मारला की जोड सापडायचा नाही. भूकंपानंतर ते कामावर आले तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. सारखा नाही. काही धरायला गेलं की. वेल्डिंगला हात एका चालीनं सरकावा लागतो. तो थरथरला की सांध्यात भोकं राहतात, आणि टाकीला भोक चालत नाही. मामांनी त्यांना हात दाखव असं कधी म्हटलं नाही. पत्रे मोजायला सांगितलं, मग घासायला, मग रंगायला. अण्णांनी सगळं केलं. जेवताना मात्र ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, आणि आत्या त्यांच्या वाटीत आमटी नेहमी अर्धीच वाढायची आणि दोनदा वाढायची. वाटी भरलेली असली की सांडायची. मला हे पुष्कळ उशिरा लक्षात आलं. आत्या तेव्हा असंच म्हणायची, की माणिकला गरम लागतं.

मामांनी ती गाडी आणली ती अण्णांसाठीच, पण तसं ते बोलले नाहीत. ते म्हणाले, "टाक्यांचं काम लई वाढलंय." गाडी म्हणजे दुधाच्या कॅनएवढा चार चाकांचा एक ठोकळा. पत्र्यावर रूळ अंथरायचा, त्यावर गाडी ठेवायची, तिच्या बगलेत वेल्डिंगची बंदूक आवळून बसवायची आणि खटका दाबायचा. आतल्या मोटारीवर गाडी आपली आपण, एका चालीनं, न थरथरता सरकत जाते आणि मागं सरळ सांधा पडत जातो. माणसानं फक्त बरोबर चालायचं आणि बघायचं. पुण्याकडचा कुठलासा बंद पडलेला कारखाना मोडीत निघाला होता, तिथून मामांनी ती आणली. तिच्या कपाळावर एक छोटं पॅनेल होतं. त्यावर वेग कमीजास्त करायची एक गोल चकती, पुढे-मध्ये-मागे असा हलणारा एक दांडा, आणि हिरवा, पिवळा, लाल असे तीन दिवे. कशाखाली काय लिहिलंय ते कळायला मार्ग नव्हता, कारण विकण्याआधी गाडी नवी दिसावी म्हणून कुणीतरी पॅनेलवर करडा रंग मारला होता. दिवे तेवढे पुसून घेतले होते. अक्षरं रंगाखाली गेली होती. रंग मात्र चांगला बसला होता, मामांनीही ते कबूल केलं.

गाडी घेऊन आलेल्या माणसानं ती एकदा चालवून दाखवली. दांडा पुढे केला, पिवळा लागला, गाडी निघाली. "एकदा सुरू झाली की दांड्याला हात लावायचा नाही, सांधा बिघडतो," एवढं सांगून, जेवून तो गेला. जाताना मी त्याला विचारलं, की लाल दिवा कशाचा. तो म्हणाला, "तो लागत नाही." त्याच्या देखत तो खरोखर लागला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी गाडी लावली. शिकवणीहून येऊन मी सायकल लावत होते. तो आवाज मला अजून आठवतो. घणाच्या आणि घासायच्या चाकाच्या कल्लोळात एक बारीक, सलग फरफर. अण्णा गाडीबरोबर पाऊल पाऊल सरकत होते. हात त्यांनी काखेत दाबून धरले होते. पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जुन्यासारखाच सांधा पडत गेला, त्यांचाच वाटावा असा. मामा लांबून बघत होते आणि कुणीतरी दाराच्या मापाबद्दल काही विचारत होतं, त्याला ते उत्तर देत नव्हते. त्या दुपारी अण्णा जेवायला बसले तेव्हा त्यांनी भाकरी मागून घेतली. एरवी ते मागत नसत.

संध्याकाळी लाल दिवा लागला. लागला म्हणजे लुकलुकायला लागला. हिरवा स्थिर, पिवळा बंद, लाल लुकलुक, आणि गाडी जागच्या जागी. अण्णांनी चकती फिरवली. मामांनी मेन स्विच बंद करून चालू केलं. लाल लुकलुकतच राहिला. गाडी तापली असेल म्हणून तिच्यावर ओलं पोतं घातलं. पोतं वाळलं तरी दिवा तसाच. शेवटी मामांनी तिला दोन थोबाडीत दिल्या. लाल दिवा गेला, गाडी चालली. त्यावरून सगळ्यांनी समजून घेतलं ते समजून घेतलं, आणि पुढं दोन-तीन आठवडे त्या गाडीनं जेवढा मार खाल्ला तेवढा मी माझ्या मास्तर वडिलांच्या घरात कधी बघितला नव्हता. कधी मारानं चालायची, कधी चालायची नाही. नाहीच चालली की मामा ती पोत्यात बांधून ट्रॅव्हल्सनं पुण्याला पाठवायचे. तिथं त्यांचा मुलगा नोकरीला होता, तो ती एका मेकॅनिककडे न्यायचा. पुण्यात गाडी पहिल्या झटक्यात चालायची. मेकॅनिक म्हणायचा, हिला काही झालेलं नाही. गाडी परत लातूरला यायची, सकाळ धड जायची आणि पुन्हा लाल. असं दुसऱ्यांदा झाल्यावर आत्या म्हणाली, "तिला हितलं मानवत न्हाई." माझ्याबरोबरची एक मुलगी पुढं डॉक्टर झाली. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, की असे पेशंट रोज येतात, दवाखान्याच्या पायरीवर बरे होतात.

हसण्यावारी जात होतं तोवर ठीक होतं. पण एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात यायला लागली. लाल दिवा जास्त करून अण्णांच्याच हातात लागायचा. दुसरा कुणी गाडीवर असला तर तो अधूनमधून दांडा मागेपुढे करायचा, चकतीशी खेळायचा, सांधा वेडावाकडा काढायचा, पण गाडी चालायची. अण्णा सांगितल्याप्रमाणे कशाला हात लावत नसत, आणि त्यांचीच गाडी थांबायची. एका दुपारी जेवणानंतर ते मामांजवळ आले. मी तिथंच ओट्यावर रसायनशास्त्र घेऊन बसले होते.

"मालक, म्या जातो आता," ते म्हणाले.

"कुठं?"

"गावाकडं, सरकारी शेडमधी. गाववाले हायत तिथं."

"अन् काय करणार शेडमधी बसून?"

"हितं तरी काय करायलाव? त्या मशिनीला बी कळतंय बगा. हात लावला न्हाई तरी कळतंय तिला."

"येडा हायस का माणिक? लोखंड हाय ते."

"लोखंडालाच तर कळतंय," अण्णा म्हणाले. आयुष्यभर लोखंड जोडलेला माणूस हे म्हणत होता. मामा एवढंच म्हणाले, की ही टाकी होऊ दे, मग जा. ती टाकी अण्णांच्याच नव्या गावाला जायची होती.

ही गोष्ट माझ्या मनाला लागली, असं आज लिहिणं सोपं आहे. खरं सांगायचं तर मला आधी राग आला. आमचे फिजिक्सचे सर वर्गात एकच गोष्ट घोकून घ्यायचे, की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि इथं कारखानाभर माणसं एकाच वेळी चकती फिरवत होती, दांडा हलवत होती, पोतं घालत होती, थोबाडीत देत होती आणि वर म्हणत होती, की गाडीला माणूस कळतो. मला ते अशास्त्रीय वाटलं. सतराव्या वर्षी माणसाला दुसऱ्याच्या दुःखापेक्षा त्याची चूक आधी दिसते.

रविवारी शिकवणी नव्हती आणि कारखान्यात फक्त अण्णा होते, आपल्या गावाच्या टाकीचे पत्रे जोडत. मी पाट घेऊन शेडच्या दाराशी बसले. आत्यानं मला आगीपासून लांब बसायला सांगितलं होतं आणि मी लांबच होते. गाडी फरफरत चालली होती. पिवळा लागलेला, हिरवा लागलेला. तेवढ्यात लाइट गेली. यात विशेष काही नव्हतं. लातुरात तेव्हा लाइट जाणं ही घटना नव्हती, ते हवामान होतं. तिन्ही दिवे गेले, गाडी थांबली, अण्णा जमिनीवर टेकले. मागच्या म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं. थोड्या वेळानं लाइट आली. हिरवा लागला. पिवळा लागला नाही. लाल लुकलुकायला लागला.

"बग," अण्णा म्हणाले. "झालं सुरू."

"अण्णा, प्रत्येक वेळी असंच होतं का? लाइट जाऊन आली की?"

"लाइट तर सारखीच जातीय की गं बाई."

"तेच विचारतेय."

ते आठवायला लागले. लाइटीकडे कुणी लक्षच दिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "आता मारू नका. एकच काम करा. नुसती चकती फिरवा." त्यांनी फिरवली. लाल लुकलुक. "आता मेन स्विच." त्यांनी बंद केलं, चालू केलं. लाल लुकलुक. "आता दांडा," मी म्हणणार होते, पण त्या आधीच चकतीकडे परत नेलेला त्यांचा हात थरथरला आणि दांड्यावर आदळला. दांडा मध्ये आला, तिथून त्यांनी तो गडबडीनं पुन्हा पुढे ढकलला. लाल दिवा गेला. पिवळा लागला आणि गाडी चालायला लागली.

अण्णा हात मागं घेऊन उभे राहिले. "म्या काय केलो न्हाई," ते म्हणाले.

"केलंत की."

"हात हालला नुसता."

"मग परत हालवा."

त्यांच्या हाताबद्दल त्यांच्या तोंडावर इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं, आणि मीही मुद्दाम बोलले नव्हते. मला फक्त प्रयोग पुन्हा करायचा होता. मी उठले, भिंतीवरचं मेन बंद केलं, पुन्हा चालू केलं. हिरवा. लाल लुकलुक. अण्णांनी काखेतून हात काढला. तो चांगलाच थरथरत होता. त्यांनी दोन बोटांनी दांडा मध्ये आणला. लाल गेला. दांडा पुढे केला. पिवळा लागला, गाडी चालली. मी पुन्हा मेन बंद केलं. त्यांनी पुन्हा दांडा मध्ये आणला. आम्ही हे किती वेळा केलं ते सांगता येणार नाही. शेवटी शेवटी मला कंटाळा आला आणि त्यांना आला नाही.

त्याचा अर्थ असा होता, की लाइट गेल्यावर दांडा पुढेच राहिला असेल आणि लाइट अचानक आली, तर गाडीनं आपण होऊन पळत सुटू नये. कुणाचा हात, कुणाचा पाय तिच्यासमोर असायचा. म्हणून ती थांबून राहते आणि लाल दिवा लुकलुकवून विचारते, की कुणी आहे का इथं. दांडा मध्ये आणला की तिला कळतं, माणूस आहे. मग ती चालते. जो दांड्याशी खेळायचा त्याच्या हातून तो नकळत मध्ये यायचा. मारताना कधी हिसक्यानं यायचा. पुण्याला पाठवताना पोत्यात मोडू नये म्हणून मामा स्वतः तो मध्ये आणून बांधायचे. सांगितलेलं तंतोतंत पाळणारे फक्त अण्णा होते, म्हणून त्यांची गाडी थांबायची. हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे बिघडली नव्हती?"

"नाही."

"नुसती थांबली होती?"

"हो."

"मग लाल कशाला दावायचा बिचारीनं," ते म्हणाले. "लोकं घाबरतेत की."

लाल दिवा न लुकलुकता सलग लागला तर त्याचा अर्थ वेगळा, हे पुढच्या आठवड्यात आम्हाला कळलं. रुळावर तारेचा तुकडा पडून चाक अडलं आणि मोटारीवर जोर आला, तेव्हा. तेही आम्ही एक एक गोष्ट बदलून शोधलं. हिरवा म्हणजे वीज पोचली. पिवळा म्हणजे चाक फिरतंय. लाल सलग म्हणजे काहीतरी अडलंय, आधी बघ. लाल लुकलुक म्हणजे मी थांबलेय, दांडा मध्ये आण. मामांनी अण्णांना करड्या पॅनेलवर पांढऱ्या रंगानं हे लिहून ठेवायला सांगितलं. अण्णांनी हाताकडे बघितलं आणि म्हणाले, मंदा लिहील. मी लिहिलं. माझं अक्षर वडिलांसारखं नाही, पण वाचता येत होतं. मामांनी त्या दिवसापासून गाडीला मारणं बंद केलं. गावाला जायची भाषा अण्णांनी पुन्हा काढली नाही, आणि मामांनीही तो विषय संपला की नाही हे विचारलं नाही.

माझ्या बारावीचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. मेडिकलला थोडक्यात हुकलं. वडिलांनी नांदेडहून येऊन निकाल बघितला, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि विचारलं, "मग आता?" मी म्हटलं, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. ते म्हणाले, त्यात काय असतं. मी म्हटलं, दिवे असतात. त्यांना ते उत्तर पुरलं नसावं, पण ते मराठीचे मास्तर होते, अपुरं उत्तर ऐकायची त्यांना सवय होती. आता पन्नाशीला आल्यावर बघते, तर घरातल्या प्रत्येक वस्तूच्या कपाळावर दिवे आहेत आणि मुलगा मला त्यांचा अर्थ शिकवतो. मी शिकून घेते.

अण्णांच्या गावाची टाकी तयार झाली. आधी कारखान्यात पाणी भरून बघितली. मामांनी सगळ्या सांध्यांवर खडूची पूड चोळली होती, म्हणजे थेंब जरी आला तरी ओली रेघ दिसावी. दुसऱ्या सकाळपर्यंत पूड कोरडीच होती. मग ती टेम्पोत चढवून गावाला नेली. आत्या म्हणाली, मी पण येते. भूकंपानंतर ती लातूर सोडून पहिल्यांदाच निघत होती. तिनं डबाभर धपाटे घेतले आणि मला शिकवणी बुडवायला लावली. गाव म्हणजे माळावर एकसारखी घरं, चौकोनी, रेघ मारल्यासारखी रांगेत, आणि प्रत्येक घराशेजारी पत्र्याची एक खोली. कुठं झोपत असतील ते आत्याला विचारायला लागलं नाही. तिनं नुसती मान हलवली.

टाकी चौथऱ्यावर चढली, नळ जोडला, टँकरनं पाणी भरलं. कुणी भाषण केलं नाही. एका म्हातारीनं नारळ फोडला आणि पहिली घागर भरली. मग आम्हाला एका घरात चहाला नेलं. घरातली बाई ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा कप बशीत वाजत होते. मला वाटलं, ट्रे जड असेल. तिनं तो खाली ठेवला आणि एक एक कप हातात द्यायला लागली, तेव्हाही वाजत होता. शेजारी एक मास्तर बसले होते. त्यांनी कप घेतला आणि तो त्यांच्या हातातही वाजला. पलीकडच्या म्हाताऱ्यानं तर बशी जमिनीवर ठेवूनच चहा ओतला, थोडा बाहेर सांडला, आणि त्याकडे कुणी बघितलं नाही, जसं कुणी खोकलं तर बघत नाहीत. माणिकअण्णा उंबऱ्याशी उभे होते, हात काखेत. त्यांनी सगळ्या खोलीवरून एकदा नजर फिरवली. मग येऊन सगळ्यांच्या मध्ये मांडी घालून बसले, हात पुढे केला आणि कप घेतला. तो वाजला. बाई म्हणाली, "साखर बरी हाय का अण्णा?" ते म्हणाले, "जरा कमीच हाय." तिनं आणखी घातली.

परतताना टेम्पोच्या हौद्यात आम्ही तिघं होतो, अण्णा, आत्या आणि मी. मामा पुढं ड्रायव्हरजवळ. माळ मागं पडल्यावर अण्णा बोलायला लागले. कुणी काही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "आमची पारू लई भांडायची बगा." तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कशावरनं भांडायची ते त्यांनी सांगितलं, शेजारणीच्या कोंबड्यांवरनं, अण्णांच्या बिड्यांवरनं, लातूरहून उशिरा येण्यावरनं. एकदा रागानं माहेरी गेली आणि एसटी चुकली म्हणून स्टँडवरनंच परत आली, आणि परत आली तरी दोन दिवस म्हणत होती की मी माहेरी हाय, माझ्याशी बोलू नका. आत्या हसली. अण्णाही हसले. हात बोलताना हलत होता आणि मध्येच थरथरत होता, पण बोलणाऱ्याचा हात हलतोच.

"अन् सैपाक कसा करायची?" आत्यानं विचारलं.

अण्णांनी विचार केला. "खरं सांगू का वैनी, सैपाक काय खास न्हवता. मीठ कवा कमी, कवा जास्त." मग म्हणाले, "पर म्या कवा बी येऊ दे, गरम असायचं."

औशाला मामांनी टेम्पो थांबवला आणि मागं येऊन विचारलं, चहा घेणार का. अण्णा तेव्हा पारूनं जत्रेत घेतलेल्या आरशाचं सांगत होते. आत्यानं मामांना हातानंच पुढं जायला सांगितलं, आणि टेम्पो चहा न पिता लातूरकडे निघाला.